दम राखून

घाटकोपर पूर्वेला पंतनगरच्या वसाहतीत कबड्डीचे एक मास्तर राहत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांना होतं, पण वाणी, पोस्टमन आणि खुद्द बायकोही त्यांना मास्तरच म्हणे. दिवसा विक्रोळीच्या कारखान्यात पाळी, संध्याकाळी मैदान. अंगण आखायची फक्की पदरच्या पैशांनी आणायची, पोरांना गूळ-शेंगदाणे स्वतःच्या हाताने वाटायचे आणि कबड्डीमहर्षी बुवा साळवींचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावायचा, असा त्यांचा खाक्या. निवृत्त झाले तरी मैदान सुटलं नव्हतं.

मास्तरांची सगळी शिकवण दोन वाक्यांत मावे. पहिलं वाक्य असं की घाम निघाला नाही तर तो व्यायाम नव्हे, नुसते हातवारे. दुसरं चढाईचं. एखादा नवा पोरगा गडी टिपायच्या नादात प्रतिपक्षाच्या अंगणातच दम सोडून बसला, की मास्तर बाहेरून ओरडत, "अरे, टिपणं ही अर्धी चढाई! परत कोण येणार?" कबड्डीचा कायदाच तसा आहे. तोंडाने अखंड 'कबड्डी कबड्डी' चालू ठेवायचं आणि दम आहे तोवर मध्यरेषा गाठायची. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. पूर्वी छातीत जेवढा दम तेवढी चढाई. तीन गडी टिपले आणि रेषा वीतभर राहिली असताना दम सुटला, तर ते तिघे खेळात राहतात आणि चढाईवाला बाद होतो.

या दोन वाक्यांपैकी पहिलं मास्तरांनी सुनेच्या आजारपणात घट्ट धरून ठेवलं, आणि दुसरं नेमकं घराच्या उंबऱ्याबाहेर राहिलं.

सून मुलुंडची. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशेब बघायची. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि तिचे बसचे धक्के वाचले. चौतिसाव्या वर्षी तिचा उजवा डोळा दुखायला लागला. बुबुळ हलवलं की ठणका, पडद्यावरचे आकडे पुसट, लाल रंग विटल्यासारखा. काही आठवड्यांत डोळा निवळला आणि सगळे विसरले. पुढल्या वर्षी मेट्रोच्या जिन्यावर मागून एक अनोळखी बाई धावत आली, "ताई, तुमची चप्पल!" पायातून चप्पल निसटून चार पायऱ्या मागे राहिली होती आणि सूनबाईंना पत्ताच नव्हता. त्यानंतर मान खाली घातली की पाठीतून शॉक बसल्यासारखी कळ जायला लागली. एमआरआय झाला. मेंदूत आणि मानेजवळच्या मज्जारज्जूत डाग दिसले. डॉक्टरांनी सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस.

मज्जातंतूंवर मायलिन नावाचं एक आवरण असतं. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच त्या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलं की मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही. कुणाचा डोळा, कुणाचा पाय, कुणाचं लघवीवरचं नियंत्रण. हल्ला जिथे, तिथली तक्रार. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने १८६८ मध्ये हा आजार वेगळा काढून दाखवला. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना निदान दुप्पट. आपल्याकडे तो युरोपच्या मानाने कमी, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नावही ऐकलेलं नसतं. मुंबईला मात्र त्याची ओळख जुनी आहे. इथल्या पारशी समाजात तो बराच आढळतो, हे डॉ. नोशिर वाडियांनी १९९० साली मांडलं, आणि त्याही आधी, १९८५ मध्ये, या रुग्णांसाठी काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईतच उभी राहिली होती.

हे सगळं मास्तरांच्या घरात तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे एवढंच कळलं की सूनबाईचा पाय लुळा पडतोय. सलाइनमधून स्टेरॉइड दिली, पाय बराच सुधारला, पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून महागडी इंजेक्शनं सुरू झाली. मुलगा विमानतळावर शिफ्टमध्ये कामाला. तो पैशाच्या जुळवाजुळवीत गुंतला. आणि घरात दोन पक्ष पडले.

सासूबाईंचा पक्ष विश्रांतीचा. "नसांचा आजार आहे, जिवाला जपलंच पाहिजे." त्यांना दुजोरा द्यायला ओळखीचे एक जुने डॉक्टर होतेच. मास्तरांचा पक्ष अर्थात व्यायामाचा. "पाय वापरला नाही तर गंजतो. मी गुडघे फुटलेली पोरं उभी केलीत."

गंमत अशी की मास्तरांचं बोलणं तत्त्वाने बरोबर होतं. आणि तरी घोटाळा त्यांच्याच हातून झाला.

मे महिना. मास्तरांनी सकाळची वेळ धरली, पण सकाळ म्हणजे नऊ. कारण निवृत्तीनंतर सकाळी आठपर्यंत त्यांचं मैदान. समोरच्या इमारतीचं पाडकाम चाललेलं, धूळ येते म्हणून खिडक्या बंद. पंखा मास्तरांनी मुद्दाम बंद केला, अंग तापलं पाहिजे म्हणून. सूनबाईने खुर्चीची पाठ धरून बैठका मारायला घेतल्या. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. "घाम येतोय, शाब्बास! अजून एक. अजून एक." तिशीला तिचे पाय थरथरायला लागले. ती काही बोलली नाही. सासऱ्यांचा उत्साह मोडवेना. मग घामेजलेल्या अंगाने ती अंघोळीला गेली आणि सवयीने गिझरचं कडकडीत पाणी घेतलं.

आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. सासूबाईंनी हाका मारल्या. "आई, मला उठता येत नाहीये," एवढंच आतून आलं. कडी आतून लावलेली. शेजारचा पोरगा झरोक्यातून हात घालून कडीपर्यंत पोचेतो पाच-सात मिनिटं गेली. सासूबाईंनी तिला साडीत गुंडाळून बाहेर ओढली. पाय दोन्ही निकामी, उजव्या डोळ्याला पुन्हा धूसर. मास्तर दाराशी नुसते उभे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओरडायला काही सुचलं नाही.

तिला पंख्याखाली फरशीवर निजवलं. अर्ध्या तासाने तिने पायाची बोटं हलवली. तासाभराने ती भिंत धरून उभी राहिली आणि डोळाही निवळला. ती पडली, हे सगळ्या मजल्याने पाहिलं. ती उठली, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि या आजारात कळीची गोष्ट तर तीच होती.

सासूबाईंचा पक्ष जिंकला. पुढले दोन-अडीच महिने सूनबाईला पलंगावरून उठू दिलं नाही. पाण्याचा पेला हातात, ताट पुढ्यात, केससुद्धा सासूबाईच विंचरून देत. मायेत खोट काढायला जागा नव्हती. पण पोटऱ्या आखडल्या, टाच जमिनीला टेकेना, पोट साफ होईना, आणि आधी भिंत धरून चालणारी बाई आता भिंत धरूनही कचरू लागली. अंघोळ स्टुलावर बसून, दार सताड उघडं, आणि दारात पाठ करून बसलेल्या सासूबाई.

पावसाळ्यात तपासणीला गेले तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी तिला महापालिकेच्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात पाठवलं. तिथली मुलगी तिशीच्या आतली. तिने पायाला हात लावायच्या आधी विचारलं, "दिवसातून सगळ्यात बरं कधी वाटतं? आणि तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करायचंय?"

मास्तर म्हणणार होते, चालायचंय. सूनबाई म्हणाली, "मला बाथरूमची कडी लावून अंघोळ करायचीय."

त्या मुलीने हे कागदावर सगळ्यात वर लिहिलं. पाडकाम, बंद खिडक्या, बैठका, गरम पाणी अशी सगळी हकिकत ऐकली आणि मास्तरांकडे वळून म्हणाली, "काका, व्यायामाने काही बिघडलं नव्हतं. अंग तापलं होतं."

मास्तरांनी मान खालीच ठेवली. गेले अडीच महिने ते मैदानावरही गेले नव्हते. आपण सून पांगळी केली, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

इथे मास्तरांची बाजू घेऊन थोडं सांगितलं पाहिजे, कारण असं फसलेले ते एकटे नव्हते. १८९० साली ऊटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने नोंदवलं की या रुग्णांनी श्रम केले की त्यांना काही वेळ धूसर दिसतं. पुढे उमगलं की कारण श्रम नसून उष्णता आहे. आवरण गेलेला मज्जातंतू शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी निरोप पुढे न्यायचं थांबवू शकतो. अंग निवलं की पुन्हा नेऊ लागतो. नवं नुकसान होत नाही. एमआरआय नव्हता त्या दिवसांत तर रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे पाहत आणि त्यावरून निदान करत. इतकं ठाऊक असूनही वैद्यकाने निष्कर्ष काढला तो सासूबाईंचा: या रुग्णांनी व्यायाम करू नये. तो सल्ला कित्येक दशकं चालला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी चालवायच्या सायकलवर बसवलं. व्यायामाने आजार बळावला नाही. ताकद वाढली, दमसास वाढला. तेव्हापासून वारं फिरलं. म्हणजे ओळखीच्या त्या जुन्या डॉक्टरांनी जे सांगितलं, ते त्यांच्या पुस्तकात खरोखर छापलेलं असणार. पुस्तक जुनं झालं होतं, एवढंच.

फिजिओथेरपीवाल्या ताईंनी आधी सूनबाईचं रोज रुग्णालयात येणं बंद केलं. पंतनगरातून रिक्षा, रुग्णालयातला जिना, तासभर बाक, पुन्हा रिक्षा. खोलीत पोचेपर्यंत दिवसाचा दम संपलेला असे, मग व्यायाम कशावर करायचा? "महिन्यातून एकदा या. बाकी घरी करा. पण त्याआधी मला घर बघू द्या." आणि एका शनिवारी त्या खरंच आल्या.

दीड खोलीच्या घरात त्यांनी काय पाहिलं, तर स्वयंपाकाचा ओटा. तो कमरेच्या उंचीचा, भिंतीत पक्का बसवलेला, धरला तर हलणार नाही. चाकांची खुर्ची बाजूला काढायला लावली, चार पायांची लाकडी भिंतीला टेकवून ठेवली. पायपुसणं उचललं. घरातल्या सपाता बंद करून मागे पट्टा असलेली चप्पल घ्यायला सांगितली. बाथरूममध्ये धरायला दांडी, बसायला रबरी पायांचं स्टूल, पाणी कोमटाहून थंड. कडीबद्दल विचारल्यावर म्हणाल्या, "तूर्त नको. पण बाहेरून नाण्याने उघडता येते अशी कडी मिळते, ती आणून ठेवा."

मग कागद. त्यावर पाचच गोष्टी. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, पाच वेळा, मग दोन मिनिटं स्वस्थ. ओटा धरून टाचा उचलणं. भिंतीला हात लावून पोटरी ताणणं, सावकाश, हिसका न देता. बसल्या बसल्या पायाचा पंजा वर ओढणं. चप्पल निसटायची ती पंजा उचलणारा स्नायू ढिला पडल्यामुळे. आणि ओट्याच्या कडेने जमिनीवरच्या एका सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत चालणं, एक हात ओट्यापासून चार बोटांवर, आणि घरातलं कुणीतरी शेजारी उभं. सकाळी साडेसहाला, उन्हं तापायच्या आत. पंखा चालू, खिडकी उघडी, आधी पेलाभर गार पाणी, मानेवर ओला रुमाल. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. एक दिवस व्यायाम, एक दिवस फक्त ताणणं. थकवा तासा-दोन तासांत उतरला पाहिजे. दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळला तर आदल्या दिवशीचं माप चुकलं असं समजायचं. ताप आला किंवा नवं काही लक्षण दिसलं तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

मास्तरांनी कागद उलटसुलट पाहिला. "एवढंच?"

"एवढंच, काका."

"ह्यात घाम कुठे येणार?"

"येऊ द्यायचा नाहीये."

मास्तरांना हे पचायला जड गेलं. पण रेषा म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं आलं. संध्याकाळी त्यांनी पिशवीतली फक्की काढून ओट्याच्या कडेने झकास सरळ रेष ओढली. सासूबाईंनी ती पाहिली मात्र, "घसरून पाडायचीय का तिला पुन्हा?" म्हणून ओल्या फडक्याने पुसून टाकली. शेवटी इलेक्ट्रिशियनची पिवळी चिकटपट्टी आली. ती अजून तिथे आहे, कडा काळवंडल्यात.

पहिले काही दिवस गोडीगुलाबीत गेले. पण तीस-चाळीस वर्षांची जीभ. सूनबाई पाचव्यांदा उठून बसली की मास्तरांच्या तोंडून निघेच, "अजून एक होईल." आणि व्हायचंही. सहा व्हायचे, सात व्हायचे. त्या दिवशी दुपारी ती जेवायच्या ताटावर डुलक्या घ्यायची. मास्तर आपले खूश, आकडा वाढतोय म्हणून. उलट सासूबाई टाचा उचलायच्या वेळी मागून दोन्ही खांदे धरून उभ्या राहत, म्हणजे तिचा सगळा भार त्यांच्याच हातावर. एक दम काढायला निघालेले, दुसरी चढाईच करू देत नव्हती. कागदावर लिहिलेलं कुणीच करत नव्हतं.

सूनबाई लग्नाआधी कधी कबड्डी खेळली नव्हती. पण लग्नानंतर दरवर्षी मास्तरांच्या स्पर्धेत गुणलेखकाच्या टेबलावर बसून तिने तक्ते भरले होते. मास्तरांची दोन्ही वाक्यं तिला त्यांच्याहून पाठ होती. एका सकाळी ती चौथ्यांदा उठली, बसली, आणि बसूनच राहिली.

"पाचवी राहिली," मास्तर म्हणाले.

"आज चारच."

"पाय थरथरत नाहीयेत तुझे. अजून एक सहज होईल."

"होईल अप्पा," ती म्हणाली. "पण मग परत कोण येणार?"

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. तिने शांतपणे रुमाल पुन्हा भिजवून मानेवर ठेवला. तिला अजून दात घासायचे होते, अंघोळ करायची होती, अकराला ऑफिसचं काम लॅपटॉपवर सुरू करायचं होतं. घरून काम करायची परवानगी कंपनीने दिली होती. ती टिकवायची तर अकराला डोकं जाग्यावर हवं. तिची मध्यरेषा खुर्चीच्या पाचव्या उठण्यात नव्हती, रात्री नऊच्या जेवणात होती.

मास्तर त्या दिवशी मैदानावर गेले. बऱ्याच महिन्यांनी. येताना गुणपत्रकाचं जुनं पुस्तक घेऊन आले आणि मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी सूनबाईचा तक्ता आखला. रकाने तीन: किती केलं, थांबली तेव्हा वाक्य बोलता येत होतं का, आणि संध्याकाळी सातला कशी होती. पहिला रकाना त्यांनी मुद्दाम सर्वांत अरुंद ठेवला. सातच्या रकान्यात 'बरी' लिहिता आलं तरच दिवसाचा गुण. चारांवर थांबलेल्या दिवसाला गुण मिळे, सातांवर नेलेल्या दिवसाला मिळत नसे. सासूबाईंचे हात त्यांनी एका सपाट्यात काढून घेतले. "पंच अंगणात शिरत नाही. बाहेर उभी राहा, पडली तर धर." त्यावर चार दिवस अबोला झाला. मग सासूबाई खरंच हातभर अंतरावर उभ्या राहू लागल्या. मला विचाराल तर या घरात सर्वांत अवघड व्यायाम त्यांनी केला.

दिवाळीच्या सुमाराला पाचाचे आठ झाले, तेही ताईंनी कागद बदलून दिल्यावर. टाच जमिनीला टेकू लागली. नवी कडी बसली, बाहेरून नाण्याने उघडणारी. पहिल्या दिवशी कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा सासूबाई हातात रुपया धरून दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांना तो वापरावा लागला नाही.

गोष्ट इथे संपवायला बरी होती. पण या आजारावर लिहिताना इथे थांबणं म्हणजे वाचकाची फसवणूक.

पुढच्या वर्षी श्रावणात तिचा डावा हात बधिर झाला. दोन दिवसांत डावा पायही जड. इंजेक्शनं चुकली नव्हती, तक्ता चुकला नव्हता, तरीही झटका आला. पुन्हा रुग्णालय, पुन्हा सलाइन. मास्तर फिजिओथेरपी विभागात जाऊन जवळजवळ भांडलेच. "सगळं सांगितलं तसं केलं. मग हे का?"

ताई म्हणाल्या, "काका, व्यायाम हे औषध नव्हे. आजार येणार की नाही हे त्याच्या हातात नाही. पण या वेळी त्यांना घरी चालत नेताय. गेल्या वर्षी उचलून आणलं होतं."

नवा कागद दोनापासून सुरू झाला. उभं राहून चालायची रेषा त्यातून काढली होती. मास्तरांनी गुणपुस्तकाचं नवं पान उघडलं आणि जुन्या पानांवरचे आठ-आठ दाखवून तिला चेव आणायचा मोह आवरला. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, थोड्या अभिमानाने. हात तीन महिन्यांत बराचसा परतला. पाय पूर्वीइतका नाही. लांब जायचं तर ती आता काठी घेते. दिव्यांग हक्क कायद्यात, २०१६ च्या, या आजाराचं नाव आहे. तिने प्रमाणपत्र काढून घेतलं, आणि माहेरी जायचं तर घाटकोपरहून मुलुंडला दिव्यांगांच्या डब्यातून जाते. सुरुवातीला त्या डब्यात चढताना तिला लाज वाटायची. आता जागा अडवून बसलेल्या धडधाकट माणसाला ती उठवते.

मुलुंडच्या तिच्या मावशींच्या चाळीत एका बाईंच्या भावाला हाच आजार निघाला. मावशी त्या बाईंना घेऊन पंतनगरात आल्या. बाईंनी पिवळी पट्टी पाहिली, तक्ता पाहिला, सूनबाईला चहा करताना पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तो कागद तेवढा द्या. झेरॉक्स काढून आत्ता परत आणते."

मास्तर चपला घालून उठलेच होते. सूनबाईने कागद पुस्तकात ठेवून पुस्तक मिटलं.

"कागद नाही देत, ताई. राग मानू नका." तिने फिजिओथेरपी विभागाची वेळ, वार आणि केसपेपर कुठे काढायचा ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. "भावाला घेऊन जा. त्यांना सगळं विचारू द्या. आणि जमलं तर घराचे फोटो काढून न्या, बाथरूमचासुद्धा."

बाई नाराज होऊन गेल्या. मावशीही थोड्या फुगल्या. भाचीने एवढ्याशा कागदासाठी माणसं तोडली, असं त्यांनी माहेरी बोलूनही दाखवलं. महिन्याभराने त्यांचा फोन आला. भाऊ जाऊन आला होता. त्याला उभं राहिलं की चक्कर येते आणि तोल जातो, हे त्याने बहिणीलाही सांगितलं नव्हतं. तिथे विचारल्यावर सांगितलं. त्याला चार व्यायाम लिहून दिले होते. त्यातला एकही उभं राहून करायचा नव्हता.